विमान चालवायला शिकायचंय? फी भरण्याआधी आणि सोलोच्या (एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाच्या) आधी काय बघायचं

बारावीचे निकाल लागले की टिळकनगर, रामबाग, सुदामानगरातून फोन यायला लागतात. ‘पोरीला पायलट व्हायचंय, कुठे घालायची?’ मी नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवतो, तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर असणार असं इंदूरच्या मराठी मंडळींनी गृहीतच धरलेलं. पुढचे प्रश्नही ठरलेले: फी किती, लायसन्स किती महिन्यांत, होस्टेलचं जेवण कसं. विमानं कुठल्या अवस्थेत आहेत, शेवटचं कधी आणि कसं आपटलं, त्यानंतर शाळेने काय केलं, हे विचारणारे आई-बाप क्वचितच भेटतात. हे लिहिलंय ते त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. छोट्या धावपट्टीवर शिकणारी पोरं रोज उतरतात, चुकत चुकत उतरतात. टायर फुटणं, विमान धावपट्टीवरून घसरून कडेच्या गवतात जाणं, नाकाचं चाक दुमडणं हे कधी ना कधी होतंच. ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ असं छाती ठोकून सांगणाऱ्या शाळेची मला जास्त भीती वाटते. जिथे छोटी चूक वहीत येते, तिथे मोठी होण्याआधी ती कुणाच्या तरी नजरेला पडते.

आधी मेडिकल, मग पैसे

पहिल्यांदा क्लास टू मेडिकल (शिकाऊ पायलटची डॉक्टरी तपासणी) करा आणि लगेच कमर्शियलला लागणाऱ्या क्लास वनच्या मागे लागा. रंगांधळेपणा किंवा हृदयाची एखादी तक्रार फी भरल्यावर कळण्यात काही अर्थ नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित असावं. स्टुडंट पायलट लायसन्स वयाच्या १६ व्या वर्षापासून मिळतं, कमर्शियल (पगारी पायलटचं लायसन्स) १८ पासून. कमर्शियलला एकूण २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), त्यात २० तास क्रॉसकंट्री (दूरच्या विमानतळापर्यंतचं उड्डाण), आणि त्या क्रॉसकंट्रीत किमान ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय १० तास इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता फक्त यंत्रांवर) आणि ५ तास रात्रीचे. खर्च सहसा पन्नास लाखांच्या घरात जातो. हे आकडे पाठच करा, पुढे हिशेबाला लागतील.

घरबसल्या करायचं वाचन

विमान अपघातांची चौकशी करणारं एएआयबी नावाचं सरकारी कार्यालय आहे. त्याचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. भाषा रुक्ष असते, पण शिकाऊ पायलटसाठी इतकं उपयोगाचं वाचन दुसरं नाही. नियमाप्रमाणे या चौकशीचा हेतू अपघात का झाला ते शोधून पुढचा टाळणं हा असतो. कुणाला दोषी ठरवणं हे तिचं काम नाही. त्यामुळे दुरुस्तीची नोंद, इन्स्ट्रक्टरचा अनुभव, त्या दिवशीचं हवामान, सगळं तिथे तारीखवार सापडतं.

आपल्या मध्य प्रदेशातलीच उदाहरणं घ्या. जानेवारी २०२० मध्ये सागरजवळच्या धाना पट्टीवर रात्री धुक्यात सेसना जातीचं छोटं विमान कोसळलं, इन्स्ट्रक्टर आणि शिकणारा दोघेही गेले. जानेवारी २०२३ मध्ये रीव्याजवळ, पुन्हा रात्र आणि पुन्हा धुकं, विमान देवळाच्या शिखराला धडकलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, त्यातही दोघे गेले. पहिल्या दोन्ही घटनांत महिना कोणता आणि वेळ कोणती ते बघा. शाळा निवडताना ‘हिवाळ्यात रात्रीचं उड्डाण थांबवायचं की नाही हे तुमच्याकडे कोण ठरवतं?’ हा प्रश्न यातूनच येतो. उत्तरात नुसतं ‘आम्ही ठरवतो’ आलं तर पुढे विचारा: आकडा काय? किती दृश्यमानतेखाली तुम्ही नाही म्हणता, आणि तो आकडा कुठे लिहिलाय?

बारामतीचं प्रकरण माहीत असेलच. ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच शाळेची दोन विमानं चार दिवसांत पडली आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) त्या शाळेचं प्रशिक्षण सगळ्या तळांवर थांबवलं. जीव वाचले, पण शिकणाऱ्यांचे महिने गेले. शाळा बंद पडली तर भरलेल्या पैशांचं काय होतं, हे करारात आधीच वाचून ठेवा.

२०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना श्रेणी देतं. पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती. १३ शाळा बी मध्ये आणि २२ सी मध्ये. यादी जरूर बघा, पण तिच्यावर सगळं सोडू नका. श्रेणी संपूर्ण शाळेला मिळते. तुम्हाला शिकवणारा इन्स्ट्रक्टर आणि तुम्ही ज्यात बसणार ते विमान यांच्याबद्दल ती काही सांगत नाही.

सकाळी लवकर जाऊन बसा

हे घरून होत नाही. इंदूरहून निघायचं तर पोहे-जलेबी परतल्यावर खा, सूर्य उगवण्याआधी धावपट्टीवर पोहोचायला हवं, कारण माळव्यात शिकवण्याचं खरं काम सकाळच्या पहिल्या तीन-चार तासांत होतं. एक दिवस पुरत नाही. एक सकाळ त्यांना सांगून जा, एक न सांगता.

काय बघायचं? आधी हँगरच्या बाहेर. किती विमानं उभी आहेत आणि त्यातली किती उडतात, हे स्वतः मोजा. कोपऱ्यात टायर बसलेलं, काचेवर धूळ साचलेलं विमान माहितीपत्रकातल्या ताफ्यात हमखास मोजलेलं असतं. रंग उडालेला असला तर त्याने बिचकू नका. जुनं सेसना १५२ नीट राखलेलं असेल तर उत्तम शिकवतं. पण पंखाखाली तेलाचे ओघळ, चाकाजवळ ब्रेकचं तांबूस तेल, तारेने बांधलेलं इंजिनाचं झाकण दिसलं तर तिथल्या मेंटेनन्सबद्दल वेगळं काही विचारायला नको.

मग डीब्रीफिंग. विमान थांबल्यावर इन्स्ट्रक्टर आणि मुलगा काय करतात बघा. इन्स्ट्रक्टर फोन कानाला लावून निघून जातो आणि मुलगा एकटाच लॉगबुक भरतो, की दोघे फळ्यापाशी उभे राहून ‘फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा झाला, नजर कुठे होती?’ असं बोलतात? त्या पाच मिनिटांत शाळेचा दर्जा कळतो. कॅन्टीनमध्ये जुन्या मुलांशी बोला, पण ‘शाळा कशी आहे?’ विचारू नका, सगळे ‘मस्त’ म्हणतात. ‘गेल्या तीन महिन्यांत किती तास झाले?’, ‘आतापर्यंत इन्स्ट्रक्टर किती बदलले?’ आणि ‘हवा खराब म्हणून तू उडायला नाही म्हटलंस तर काय होतं?’ हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्यावर मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर ते उत्तरच समजा.

इन्स्ट्रक्टर सारखे बदलणं हा मोठा दोष आहे. तबल्याचा गुरू दर आठवड्याला बदलावा तसं होतं: प्रत्येकजण हात पुन्हा पहिल्यापासून बसवतो. सोलो होईपर्यंत तरी एक मुख्य इन्स्ट्रक्टर राहील, असं लेखी नाही तरी तोंडी कबूल करून घ्या.

टॉवर असलेला विमानतळ की उघडी पट्टी? इंदूरसारख्या विमानतळावर रेडिओवर बोलणं पक्कं होतं, शिस्त लागते, अग्निशमनाची गाडी हजर असते. पण एअरबस येत असली की तुम्ही इंजिन चालू ठेवून वाट बघत उभे, आणि फीचा मीटर मात्र पळतोय. मोठ्या जेटमागून लगेच उडायलाही मिळत नाही, त्याच्या पंखांनी ढवळलेली हवा बसायला दोन-तीन मिनिटं जाऊ द्यावी लागतात. राज्य सरकारने भाड्याने दिलेल्या छोट्या पट्ट्यांवर सर्किट्स (उडून, फेरी मारून पुन्हा उतरणं) भरपूर मिळतात, पण तिथे कुत्री, नीलगाय, गवत कापणारी माणसं आणि आजूबाजूच्या तारा असतात. सिवनीजवळच्या सुकतरा पट्टीवर डिसेंबर २०२५ मध्ये प्रशिक्षण विमान विजेच्या तारेलाच अडकलं. पट्टीवर गेलात की कुंपण पुरं आहे का, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा) फाटलेला तर नाही, आग लागली तर विझवणारा कोण आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब, एवढं डोळ्यांनी बघा. माझं मत विचाराल तर सुरुवात छोट्या पट्टीवर आणि पन्नासेक तासांनंतर टॉवरचा विमानतळ, हे सगळ्यात चांगलं. पण अशी सोय फार थोड्यांना मिळते.

एक साधा हिशेब

‘बारा महिन्यांत लायसन्स’ असं सांगितलं की कागद-पेन्सिल काढा. समजा शाळेत ३० मुलं आहेत. प्रत्येकी २०० तास म्हणजे ६,००० तास. खरोखर उडणारी विमानं चार, आणि प्रत्येक विमान महिन्याला ६० तास उडालं असं धरलं तर महिन्याचे २४० तास होतात. ६,००० भागिले २४० म्हणजे २५ महिने. त्यात पावसाळा, दुरुस्तीची ५० आणि १०० तासांची तपासणी, इन्स्ट्रक्टरच्या सुट्ट्या धरलेल्याच नाहीत. आकडे तुमच्या शाळेचे घाला. हिशेब जुळला नाही तर उरलेले तास भरून काढण्याची घाई कुठेतरी होणार, आणि शिकवण्यातली घाईच धोक्याची. सगळी फी एकदम भरू नका, हप्ते उडालेल्या तासांशी बांधून घ्या.

शाळा सुरू झाल्यावर: प्रीफ्लाइट (उडण्याआधीची तपासणी)

पहिल्या आठवड्यात विमानाभोवती फिरणं कंटाळवाणं वाटतं आणि दुसऱ्या महिन्यात पोरं ते उरकायला लागतात. म्हणून इथे जरा थांबतो.

आधी टेक लॉग (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची वही) वाचा. आदल्या पायलटने कुठला स्नॅग (बिघाड) लिहिलाय, एएमईने (दुरुस्ती इंजिनिअरने) काय करून सही केलीय ते बघा. ‘रेडिओ खरखरतो’ याच्यापुढे फक्त ‘तपासले, ठीक’ असेल आणि तोच स्नॅग तीनदा आला असेल, तर तो दुरुस्त झालेला नाही.

मग इंधन. पंखाखालच्या निचऱ्यातून पारदर्शक नळीत थोडं काढायचं आणि नळी उजेडासमोर धरायची. एव्हीगॅस १०० एलएल (या विमानांचं पेट्रोल) फिकट निळं असतं. पाणी जड, ते तळाशी रंगहीन गोळी होऊन बसतं, नळी तिरकी केली की गोळी घरंगळते. जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या विमानात ही गोळी हमखास सापडते. सापडली तर पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत काढत राहा. एक सावधगिरी: नळीत सगळं पाणीच आलं तर गोळी दिसतच नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही तपासायचे. टाकीत किती आहे ते डिपस्टिकने बघा, डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका.

वजन आणखी कमी लोक तपासतात. सेसना १५२ ची कमाल मर्यादा ७५७ किलो. रिकामं विमान ५१० किलोच्या आसपास, पूर्ण टाकी म्हणजे ९३ लिटर, अंदाजे ६७ किलो. आता ८० किलोचे दोघे बसवा: ७३७. उरले २० किलो. इन्स्ट्रक्टर जाडजूड असेल तर पूर्ण टाकी चालत नाही, हे तुम्हीच सांगायचं. लाजू नका, त्यालाही ठाऊक असतं.

माळव्याची हवा

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. ११० अश्वशक्तीचं छोटं इंजिन तेवढ्यात धापा टाकतं, धावपट्टी जास्त खातं, चढत नाही. शिवाय अकरानंतर काळ्या मातीतून वर उठणारे गरम झोत विमानाला फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) उचलून आपटतात. उन्हाळ्यात नव्या मुलाला दुपारी पाठवणारी शाळा तास मोजते, शिकवत नाही.

पावसाळ्यात वेगळाच पाहुणा येतो: कार्ब्युरेटरमधलं बर्फ. बाहेर २४ अंश असताना बर्फ कुठून, असं प्रत्येक बॅच विचारते. पण दमट हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते, इंधन वाफ होतं, तापमान एकदम पडतं आणि आत बर्फ धरतं, विशेषतः पॉवर कमी करून खाली येताना. आरपीएम हळूहळू उतरतो, एवढीच खूण. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी) ओढली की आधी आरपीएम आणखी पडतो, इंजिन खोकतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. नवा मुलगा घाबरून ती लगेच बंद करतो. बंद करू नका, इंजिन सावरेपर्यंत ओढलेलीच ठेवा.

हिवाळ्यात मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) वाचताना तापमान आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं) यांतलं अंतर बघा. दोघांत एक-दोन अंशांचाच फरक उरला, वारा पडला आणि आकाश निरभ्र असेल, तर पहाटे धुकं येणार असं धरून चाला. ग्वाल्हेरकडे क्रॉसकंट्री असेल तर आणखी जपून, तिकडे जानेवारीत धुकं आपल्यापेक्षा दाट आणि उशिरापर्यंत राहतं.

लँडिंग बिघडतं कसं

शिकाऊ विमानांचे बहुतेक छोटे अपघात जमिनीपासून दहा फुटांच्या आत होतात. विमान जोरात टेकतं आणि उसळतं. मुलगा घाबरून नाक खाली दाबतो, आता नाकाचं चाक आधी आपटतं, पुन्हा उसळी, आणि प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा मोठी. तिसऱ्याला नोजव्हील जातं, प्रोपेलर जमिनीला लागतो. यावर एकच उपाय आहे, आणि तो पहिल्या मोठ्या उसळीलाच करायचा: पूर्ण पॉवर, नाक स्थिर, गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं). गो-अराउंड केला म्हणून कुणी हसत असेल तर त्या शाळेत तुम्ही चुकीच्या लोकांत बसलायत.

दुसरी जागा बेसवरून (फायनलआधीच्या आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळतानाची. मागून वारा असला की धावपट्टीची रेषा ओलांडली जाते, मग मुलगा ‘जरासा’ रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक ओढतो. वेग कमी, वळण तिरकं, उंची पाचशे फूट. तिथे स्टॉल झाला (पंखांची उचल गेली) तर सावरायला उंचीच उरत नाही. ६० अंश झुकलेल्या वळणात स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, हे पाठ असतं सगळ्यांना, पण त्या क्षणी आठवत नाही. रेषा चुकली की वळण कडक करायचं नाही, पुन्हा वर जायचं.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर धावपट्टीकडे मागे वळू नका. नाक खाली, ६० नॉटचा ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगत उतरणं), आणि समोरच्या ३०-३० अंशांत जे बरं दिसेल ते शेत. आपल्याकडे पावसाळ्यात समोर सोयाबीन असतं, चिखलात चाकं रुततात आणि विमान पालथं पडू शकतं. म्हणून दारं आधी किलकिली करा, पट्टे आवळा. हे सगळं टेकऑफच्या आधी तोंडाने मोठ्याने म्हणायची सवय लावा, इन्स्ट्रक्टर हसला तरी.

सोलो

सोलो अमुक तासाला झालाच पाहिजे असं काही नसतं. सोबतच्या मुलाचा आधी झाला, घरी आजीने पेढे आणून ठेवले, असल्या गोष्टी डोक्यात घेऊ नका. गो-अराउंड, उसळी, क्रॉसविंड (आडवा वारा) आणि इंजिन बंदचा सराव इन्स्ट्रक्टर गप्प बसलेला असताना तुम्ही करू शकता का, हे स्वतःशी ठरवा. ‘आज नको’ म्हणणं हा शिकणाऱ्याचा हक्क आहे.

काही बिघडलं तर

जोरात लँडिंग झालं, शेपूट टेकली, प्रोपेलरला काही लागल्यासारखं वाटलं, तर टेक लॉगमध्ये लिहा आणि एएमईला दाखवा. प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासावं लागतं, ते खर्चिक असतं आणि विमान कितीतरी दिवस उभं राहतं. म्हणूनच ‘कुणाला सांगू नको, काही झालं नाही’ असं कानात सांगणारे भेटतात. त्या विमानात दुसऱ्या दिवशी तुमचाच मित्र बसणार असतो. खरा अपघात झाला तर नियमांप्रमाणे तो एएआयबी आणि डीजीसीएला कळवावाच लागतो, आणि माणसं सोडवण्याची गरज नसेल तर परवानगीशिवाय अवशेष हलवता येत नाहीत. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी काय झालं ते वेळेसकट लिहून ठेवा. दोन दिवसांनी आठवण बदलते.

न उडालेल्या तासांवर सही कधीच करू नका. खोट्या तासांची आणि खोट्या गुणपत्रिकांची प्रकरणं २०११ मध्ये उघड झाली तेव्हा अटका झाल्या होत्या, परवानेही रद्द झाले होते. ‘विमान सुरू करून उभं ठेवलं, तेवढा तास टाकून दे’ हे वाक्य ऐकलंत तर नवी शाळा शोधायला लागा.

शाळा बदलायची झाली तर

हे वाटतं तितकं अवघड नाही, पण कागद आधी हातात घ्या आणि मग बोला. लॉगबुकच्या प्रत्येक पानावर सीएफआयची (शाळेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरची) सही आणि शिक्का आहे का बघा. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरच्या लॉगबुकमधले तास शाळेने मंजूर केलेत का तपासा, प्रलंबित नोंदी शाळा सोडल्यावर महिनोन्‌महिने अडकतात. ट्रेनिंग फाइलची, प्रोग्रेस शीटची आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याच्या पावतीची प्रत काढा. किती तासांची फी भरली आणि किती उडालात, याचं अकाउंट्सकडून लेखी पत्र घ्या. नव्या शाळेत आधीचे तास धरतात, पण त्यांचा इन्स्ट्रक्टर तुम्हाला पुन्हा काही तास डुअल (स्वतः सोबत बसून) उडवून बघेल. त्यासाठी पाच-सहा तासांचे पैसे बाजूला ठेवा, आणि त्याने ‘तुझं फ्लेअर पहिल्यापासून बघू’ म्हटलं तर वाद घालू नका.